डेक्सा तपासणी कुणी करायची, कुणी नाही

(पोलादपूर येथे ग्रामसंघ पदाधिकाऱ्यांच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. महाडच्या मैत्रिणींनीही मागितले म्हणून, बोलल्या तसेच, थोडे आटोपशीर करून छापत आहोत.)



विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्यविषयक माहिती’ असं लिहिलंय. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि तीन वर्षं तुमच्यात फिरतेय, एवढंच. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण मागच्या वर्षी जे झालं त्यात माझाही हात आहे.

तुम्हाला आठवत असेल, एका शाळेच्या पडवीत हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर झालं होतं. कुणी घेतलं ते नाव मी घेत नाही. नावं नोंदवायच्या टेबलावर मीच बसले होते. बायका पाय पुढे करायच्या, टाच मशीनमध्ये ठेवायची, एका मिनिटात चिठ्ठी. हिरवी, पिवळी नाहीतर लाल. लाल चिठ्ठीवाल्यांना शेजारच्या टेबलावर पाठवत होते, तिथे पावडरचे डबे मांडलेले. मोफत शिबिरात विकायचं टेबल कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला.

आपल्या एका मावशींना लाल चिठ्ठी आली. वय पंचावन्नच्या आसपास. संध्याकाळी मला म्हणाल्या, “पोरी, माझ्या हाडांचा पार भुसा झाला म्हणतात.” त्यांनी गटातून आठ हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं आणि सहा महिन्यांची पावडर घेतली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी हंडा उचलणं सोडलं, लावणीला जाणं सोडलं, हाड मोडेल या भीतीने ओसरीवर बसून राहिल्या. गणपतीनंतर मुलगा मुंबईला घेऊन गेला आणि तिथे खरी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, घनता थोडी कमी आहे, या वयात बऱ्याच जणींची असते, औषधाची गरज नाही, चाला, कामं करा, नीट जेवा. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

आणि दुसऱ्या एक आजी. त्या शिबिराला आल्याच नाहीत, गुडघ्यांमुळे टेकडी उतरवेना. त्याच्या आदल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर नुसत्या घसरून बसल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, विषय संपला. एवढ्याशा पडण्याने हाड का मोडलं, हे कुणीच विचारलं नाही. मी त्यांच्या घरी दर महिन्याला चहा प्यायचे, मीही नाही. या जानेवारीत अंगणात पडल्या आणि खुबा मोडला. आता त्यांचं सगळं अंथरुणाशीच आहे.

जिला गरज नव्हती ती कर्जात गेली आणि जिला गरज होती ती राहिली. म्हणून आज बोलतेय.

आधी टाचेचं मशीन. त्यात ध्वनिलहरी असतात. ते अगदी खोटं नाही, पण त्याचा उपयोग चाळणीपुरता, तोही मर्यादित. त्यावर आजार ठरवायचा नसतो, औषध तर सुरू करायचंच नसतं. हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. बीएमडी असंही चिठ्ठीवर लिहितात. ती कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची करतात, कारण मोडलं तर जास्त महागात पडणारी हाडं तीच.

साधा एक्स-रे काढला तर नाही का कळणार, असं मला एका ताईने विचारलं. मोडलेलं कळतं. ठिसूळपणा मात्र साध्या एक्स-रेत दिसेपर्यंत हाडाचा तिसरा हिस्सा गेलेला असू शकतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. गुडघे दुखणं वेगळं आणि हाडं ठिसूळ होणं वेगळं. गुडघ्यात सांध्याची गादी झिजते, ते दुखतं, सुजतं, उठताना कटकट वाजतं. हाड ठिसूळ होताना काहीच दुखत नाही. मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून ‘माझे गुडघे दुखतात, माझी डेक्सा करा’ याला अर्थ नाही, आणि ‘मला कुठे काय दुखतंय, मला कशाला तपासणी’ यालाही नाही.

मग करायची कुणी? पासष्टच्या पुढच्या बायकांनी डॉक्टरांना विचारून एकदा करावी. त्याच्या आधी, पाळी गेलेली असेल आणि पुढचं काही असेल तर. साध्या पडण्याने हाड मोडलं असेल. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला असेल. अंगाने फारच बारीक असाल. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल. आणि उंची कमी झाली असेल. आपण कुठे उंची मोजतो? पण नेहमीचीच साडी नेसताना निऱ्या पायात यायला लागल्या, मांडणीवरचा जो डबा हाताला यायचा तो येईना, पाठीला पोक आलं, तर समजा. दीडेक इंच उंची गेली असेल तर मणका दबलेला असू शकतो, तोही न दुखता.

दोन गोष्टींवर जरा थांबते. पहिली, पिशवी काढलेल्या बायका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला होता. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडे ऊसतोड नाही, पण पिशवी काढलेल्या बायका या सभेतही आहेत, मला माहीत आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर पाळीचे हार्मोन एका दिवसात बंद होतात आणि हाडं वेगाने उतरायला लागतात. नुसती पिशवी काढली असेल तर तेवढं नाही. म्हणून घरी जाऊन ट्रंकेतला डिस्चार्ज कागद काढा आणि आशाताईंकडून वाचून घ्या. अंडाशय ठेवलंय की काढलंय, ते त्यात लिहिलेलं असतं. पस्तिशी-चाळिशीत दोन्ही काढली असतील तर पासष्टीची वाट बघायची नाही.

दुसरी, स्टेरॉइड. दमा, संधिवात यासाठी तीन महिन्यांच्या वर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हाडांचं विचारा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे. आणि बाजारच्या दिवशी सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात ना, घेतली की दुसऱ्या दिवशी बाई लावणीला उभी! अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं. घेत असाल तर पुडी लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

तरुण सुनांनी उगाच तपासणीला जायचं नाही. पाळी चालू असलेल्या बाईला टी-स्कोअर लावतही नाहीत, तिचा झेड-स्कोअर बघतात, म्हणजे तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना.

तपासणी आपल्या ग्रामीण रुग्णालयात होत नाही. पनवेल, पुणे, मुंबई अशा ठिकाणी जावं लागतं. खर्च साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दाखल पेशंटसाठी असल्याने नुसत्या तपासणीचे पैसे सहसा आपल्यालाच भरावे लागतात. मुलाकडे मुंबईला जाणारच असाल तेव्हा सरकारी मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. जाण्याआधी फोनवर एवढंच विचारा: “डेक्सा आहे ना, खुबा आणि मणक्याचं? टाचेचं नको.”

त्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, जेवण नेहमीसारखं. औषध पाजून किंवा टोचून सिटीस्कॅन, बेरियमचा फोटो असं काही नुकतंच झालं असेल तर तारीख घेतानाच सांगा, थोडे दिवस थांबावं लागतं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, छल्ला, सेफ्टी पिना काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर बरोबरच्या बाईकडे द्या. त्यात अशुभ काही नाही. खुब्यात रॉड असेल तर सांगा, दुसरी बाजू मोजतात. मशीन उघडं असतं, बोगद्यात घालत नाहीत. पाठीवर झोपायचं, पायाखाली उशी देतात, वरून एक हात सरकतो, दहा-पंधरा मिनिटं. सुई नाही. किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. तरी पोटात बाळ असेल तर आधी सांगायचं.

रिपोर्टात टी-स्कोअर बघा. शून्य म्हणजे तरुण निरोगी बाईचं हाड. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये घनता कमी. उणे २.५ किंवा त्याखाली हाडं ठिसूळ. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. पण ही तुलना बऱ्याच मशीनमध्ये गोऱ्या अमेरिकन बायकांशी असते, आणि डेक्सा हाडाची जाडी धरत नाही, नुसत्या क्षेत्रफळामागे घनता मोजतं. त्यामुळे आपल्यासारख्या लहान चणीच्या बाईचा आकडा थोडा जास्तच वाईट दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्याला घाबरू नका, पण मोडलेलं हाड हलक्यात घेऊ नका. साध्या पडण्याने खुबा मोडला असेल तर आकडा बरा असला तरी उपचार लागतात. पुन्हा तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुतेक वर्ष-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर. दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत. जुना रिपोर्ट जपा.

खाण्याचं थोडक्यात. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तांदळात दहासुद्धा नाही. वरकस जमिनीवरची नाचणी आपण सोडली आणि रेशनचा तांदूळ धरला, त्याचा हिशोब कुठेतरी निघणारच. सुकट, जवळा चालतो. दूध घरात असेल तर आधी डेअरीला आणि मग उरलं तर बाईला, हे तुम्हाला मी काय सांगणार.

(भाषणानंतर सभेत झालेली चर्चा.)

एका मावशींनी विचारलं, “तपासणीला गटाचं कर्ज द्यायचं का?” समन्वयक ताई म्हणाल्या, “डॉक्टरची चिठ्ठी असेल तर द्या. शिबिराच्या चिठ्ठीवर आणि पावडरच्या डब्यावर देऊ नका. आणि यापुढे कुणीही शिबिर घ्यायला आलं तर मशीन कोणतं आणि विकायला काय आणलंय, हे ग्रामसंघाने आधी विचारायचं.” त्यावर ठराव झाला आणि इतिवृत्तात घेतला.

एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या सासूबाईंचं मनगट याच पावसात मोडलंय, आता प्लास्टर काढायला जायचंय. त्यांना तिथेच हाडांबद्दल विचारायला सांगितलं आहे. सोबत वाडीच्या आशाताई जाणार आहेत.