शिस्त लेना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेनं काय दिलं, यावर सगळे बोलले. गणित झालं, संस्कृत झालं, डब्यातल्या चटण्याही झाल्या. मी एनसीसीच्या फायरिंगबद्दल बोलते.

१९९३ साली, नववीत, आम्हा मुलींना ट्रकमधून रेंजवर नेलं. पॉइंट टू-टूची रायफल, पंचवीस यार्डांवर टार्गेट, प्रत्येकीला पाच गोळ्या. पालथं पडून पोझिशन घेतली आणि हवालदार ओरडले, "शिस्त लो!" आम्ही आधीच शिस्तीत होतो, आणखी कुठून आणायची? एकीनं तर पडल्या पडल्या पाय जुळवून सावधान केलं. 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं, हे बाईंनी मागून सांगितलं. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच, असं पुढे कळलं.

पहिल्या दोन गोळ्या मी डोळे मिटून मारल्या. माझ्या कार्डावर तीन छिद्रं आणि शेजारणीच्या कार्डावर पाच गोळ्यांची सात! ती आज तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे. माझी तिन्ही छिद्रं खाली डावीकडे, काळ्या गोलाच्या पार बाहेर होती. मी रडवेली झाले. बाईंनी कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "तिन्ही एका ठिकाणी पडलीत ना? मग झालं. जागा नंतर सरकवता येते."

ग्रुपिंग म्हणतात ते हेच. गोळ्या आधी एकमेकींजवळ पडायला हव्यात, मग साइट हलवून तो पुंजका मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र साइट काही करू शकत नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षं जे शिकले, त्यातलं बरंचसं विसरले. हे विसरले नाही.

पुढे नोकरी, पुणे, संसार. रायफल सुटली. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, २०१८ मध्ये राही सरनोबतनं आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. दोन्ही वेळा ऑफिसात मी "आमच्या कोल्हापूरची!" असं सांगत फिरले, जणू मीच शिकवलं होतं.

मुलगी अकरा वर्षांची झाल्यावर तिला एअर रायफलच्या रेंजवर घेऊन गेले. धाकट्याला छऱ्यांच्या रिकाम्या डब्यांपलीकडे त्यात काही दिसलं नाही. तिला मात्र गोडी लागली. सासूबाई आधी म्हणाल्या, "पोरीच्या हातात बंदूक?" मग नियम समजून घेतले. रायफल रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही, थांबलं की नळीत नारिंगी झेंडी घालायची, छरे शिशाचे म्हणून आल्या आल्या हात धुवायचे. हात धुण्याची वसुली त्या माझ्याहून कडक करायच्या.

घरी संध्याकाळी भिंतीवर ठिपका लावून आम्ही दोघी छरा न घालता सराव करायचो. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हळूहळू मागे घ्यायचं. पंधरा-वीस मिनिटं घरात कोणी बोलायचं नाही. त्या वेळा माझ्या फार लाडक्या होत्या. तिच्याही असाव्यात.

मग मी ते बिघडवलं. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट दशांशात गुण दाखवतं, जास्तीत जास्त १०.९. सॉफ्टवेअरवालीच्या हाती दशांश लागले! मी एक्सेल केलं. रोजचे गुण, आठवड्याची सरासरी, आलेख. आलेख खाली गेला की जेवताना कारणमीमांसा. एका स्पर्धेत ती शेवटच्या दहा शॉट्सवर होती. मी मागे उभी राहून मोबाइलवर बेरीज करत होते. तिनं रायफल खाली घेतली, वळून माझ्याकडे पाहिलं, परत उचलली. ७.२.

गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, तू मागे असलीस की मला माझा श्वास ऐकू येत नाही. तुझाच येतो."

त्यानंतर तिचं जाड जॅकेट आणि बूट आठ महिने पलंगाखाली पडून होते. मी आधी समजावलं, मग चिडले, मग फीचा हिशेब काढला. त्याची मला आजही लाज वाटते.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवलं. रात्री मी मोबाइलवर ती फायनल पुन्हा बघत बसले होते, तर ही मागे येऊन उभी. गुडघ्यावर, पालथं, मग उभ्यानं. ती मला एकेक पोझिशन समजावू लागली. मध्येच म्हणाली, "त्याची आई आत्ता कुठं असेल गं?"

मला उत्तर सुचलं नाही. उगाच दूध बघायला उठले.

दुसऱ्या दिवशी एक्सेलची फाइल पुसली. तिला सांगितलं नाही. दिवाळीनंतर एका रविवारी तिनंच जॅकेट उन्हात टाकलं.

आता मी तिला रेंजवर सोडते आणि पार्किंगमध्ये बसते. गुण विचारत नाही. आठवड्यातून एकदा तरी जीभ चावते. गेल्या महिन्यात तिनं आपणहून एक कागदी टार्गेट माझ्या मांडीवर टाकलं, "बघ, ग्रुप बघ." पुंजका वर उजवीकडे होता, पण एका नाण्याखाली झाकेल इतका.

त्या दिवशी मी तिला बाईंची गोष्ट सांगितली. तिनं माझं १९९३ चं कार्ड मागून घेतलं. आज ती माझ्याबरोबर आली आहे, मागच्या दाराशी उभी आहे. बाई, कार्ड तिच्याकडेच आहे. जेवण झालं की ती तुम्हाला भेटायला येईल. तिला उरलेल्या दोन गोळ्यांचं तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.