लेडी चॅथमचं हस्ताक्षर



इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये करी रिव्हेल गावाजवळ टेकडीवर १४० फुटी दगडी स्तंभ उभा आहे. सर विल्यम पिनसेंट यांनी आपली इथली बर्टन पिनसेंट ही जहागीर मृत्युपत्रानं राजकारणी थोरल्या विल्यम पिटच्या नावे केली. नातं काहीच नव्हतं, होता तो निव्वळ आदर. १७६५ साली जहागीर हाती आली आणि पिटनं कृतज्ञतेनं हा स्तंभ उभारला. तो पाहताना मला आठवते पिटची पत्नी, हेस्टर ग्रेनव्हिल.

बड्या उमराव घराण्यातली ही मुलगी. १७५४ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तिनं शेहेचाळीस वर्षांच्या पिटशी लग्न केलं. पाच मुलं झाली. पिटनं १७६१ मध्ये मंत्रिपद सोडलं, तेव्हा राजानं चॅथमची बॅरोनेस हा किताब दिला तो हेस्टरला. पिट स्वतः अर्ल ऑफ चॅथम झाला १७६६ मध्ये, पंतप्रधान होताना.

आणि वर्षभरात तो खचला. गाउटचं दुखणं होतंच, त्यात मन पार बिघडलं. हॅम्पस्टेडच्या घरात तो एका लहानशा खोलीत बसून राही. भिंतीतल्या कोनाड्याला दोन झडपा होत्या. नोकर बाहेरची उघडून ताट ठेवी. ती लागली की पिट आतली उघडी. माणसाचं तोंडसुद्धा त्याला नको होतं.

देशाचा पंतप्रधान असा कोंडून घेतलेला, आणि राजाची, मंत्र्यांची पत्रं येतच होती. उत्तरं हेस्टर लिहायची. व्यवहाराचं मुखत्यारपत्र तिच्याकडे होतं. केंटमधलं हेजचं घर पिटनं विकून टाकलं होतं. आता तिथल्या हवेशिवाय बरं वाटणार नाही, असा त्याचा ध्यास. हेस्टरनं खरेदीदाराची मनधरणी करून ते परत मिळवलं. कर्ज वाढतच होतं. सावकारांना, पेढीवाल्यांना तोंड द्यायचं तेही तिनंच.

१७७८ मध्ये पिट गेला. त्याचं कर्ज फेडायला पार्लमेंटनं २०,००० पौंड मंजूर केले. हेस्टर त्यानंतर पंचवीस वर्षं बर्टन पिनसेंटलाच राहिली. तिचा मुलगा, धाकटा विल्यम पिट, चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाला. आपण शाळेत शिकलो तो १७८४ चा पिटचा भारतविषयक कायदा याच मुलाचा. १८०३ मध्ये तिनं डोळे मिटले.

चॅथम घराण्याची कागदपत्रं आज ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. थोरल्या पिटचं पंतप्रधानपद समजून घ्यायचं, तर हेस्टरचं हस्ताक्षर वाचल्यावाचून गत्यंतर नाही. कारभार करणाऱ्यांत तिचंही नाव घ्यायला हवं.