क्यूची सरळ चाल

मी जबलपूरच्या कांचघर भागात राहतो. याच शहराच्या छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवले आणि स्नूकर जन्मास आले. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे!)

नेम चुकला की नवशिका आपल्या नजरेला दोष देतो; तासाचे पैसे मोजून महिनाभर हरतो आणि अखेर खेळच सोडतो. दोष बहुधा कोपरात असतो. दंड स्थिर ठेवून कोपरापासून खालचा हातच लंबकासारखा हलला पाहिजे. क्यू घट्ट आवळली की तिचे टोक ऐन क्षणी आडवे सरकते. शिवाय चेंडू कोठे गेला हे पाहण्याच्या उतावळेपणाने डोके वर उचलले जाते, ते वेगळेच.

याची परीक्षा सोपी आहे. पांढरा चेंडू तपकिरी चेंडूच्या जागेवर ठेवून निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंच्या रिकाम्या जागांवरून सरळ समोरच्या गादीवर मारावा. तो परत क्यूच्या टोकाशी आला, तर चाल शुद्ध. उजवीकडे वळून आला, तर आघात मध्याच्या उजवीकडे झाला असे समजावे.

टेबल परवडत नसेल, तर घरच्या मेजावर रिकामी बाटली आडवी ठेवावी आणि तिच्या तोंडाला स्पर्श न करता क्यू आतबाहेर न्यावी. काचेचा आवाज झाला की चूक तत्काळ कळते.