ब्रेकमधील हवा

बेळगावहून गोव्याकडे निघालेली मोटार चोर्ला घाट उतरू लागली, की चालकाचा सारा भरवसा त्याच्या पायाखालच्या एका पेडलवर असतो. पेडल दाबले की गाडी थांबते, एवढेच आत बसलेल्या मंडळींना ठाऊक असते. परंतु पाय आणि चाक यांना जोडणारा लोखंडी दांडा तेथे नसतो. बारीक नळ्यांत कोंडलेले ब्रेक ऑइल हाच तो दुवा. त्या तेलात हवा शिरली तर काय होते आणि ती बाहेर कशी काढावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्यात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम. त्याचा यावरील ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढे १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांचे ब्रेक याच नियमावर चालू लागले. मोठ्या बसगाड्या व मालमोटारी यांतील हवेचे ब्रेक ही गोष्ट वेगळी. तेथे दाबलेली हवाच मुद्दाम कामाला लावलेली असते. तेलाच्या ब्रेकमध्ये मात्र हवा हा शत्रू होय.

असे का, हे सुई नसलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने घरीही पाहता येते. पिचकारीत पाणी भरावे, तोंड बोटाने बंद करावे आणि दट्ट्या दाबावा. तो जागचा हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा घ्यावी. दट्ट्या सहज आत जातो, आणि हात सोडताच मागे येतो.

हाच प्रकार मोटारीत घडतो. समजा, चालकाच्या पायाचा जोर ४० किलो आहे. पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे २०० किलो झाला आणि मास्टर सिलिंडरमधील ५ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पडला. मग दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो दाब निर्माण होतो. नळीत ४ घन सेंटिमीटर हवा असेल, तर एवढ्या दाबाखाली ती आकसून तिच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाएवढी उरते. तिला आकसविण्यातच दट्ट्याची पाऊण सेंटिमीटरहून अधिक आणि पेडलची जवळजवळ ४ सेंटिमीटर धाव वाया जाते. चमचाभर हवेचा हा प्रताप!

अशा गाडीचे पेडल पायाला गादीसारखे मऊ लागते. दोनतीनदा भराभर दाबले तर ते घट्ट होते, आणि चालकाला वाटते, आता ठीक आहे. हाच खरा धोका. हवा आत तशीच असते, आणि वळणावर अचानक गुरे आडवी आली तर दोनतीनदा दाबण्यास अवधी नसतो.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. एक पेडलपाशी, दुसरा चाकापाशी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. गाडी उचलावी लागली तर ती नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम आधारावर ठेवावी. मास्टर सिलिंडरवरील टाकी उत्पादकाने सांगितलेल्या ब्रेक ऑइलने भरावी. बहुतेक गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात, म्हणजे आपल्याकडे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम निराळा असतो, म्हणून त्या गाडीचे पुस्तक पाहावे.

चाकामागील निपल पुसून त्यावर पारदर्शक नळी बसवावी, आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतील स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. पहिल्याने पेडल सावकाश दाबून धरावे व ‘धरले’ असे सांगावे. दुसऱ्याने पान्याने निपल किंचित सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे येतात आणि पेडल खाली जाते. निपल पुन्हा आवळून ‘सोड’ असे म्हटल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. निपल उघडे असता पाय उचलला गेला, तर बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा संभव असतो. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. मधूनमधून टाकी भरावी. ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते.

बाटलीत आलेले तेल पुन्हा टाकीत ओतू नये. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ या प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून उकळले, तर त्याची वाफ हवेप्रमाणेच दगा देते. म्हणून ठरलेल्या मुदतीत तेल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. इंजिन ऑइल तर या टाकीत कधीच घालू नये, कारण त्याने आतील रबरे फुगून निकामी होतात. एबीएस असलेल्या आजच्या अनेक गाड्यांत हवा काढण्यास खास उपकरण लागते. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

शेवटी पेडल दाबून अर्धा मिनिट धरावे. ते खाली सरकू लागले तर कोठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे. घट्ट राहिले तर मोकळ्या सपाट जागी गाडी हळू चालवून ब्रेक पाहावा, मगच रस्त्यावर यावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. बंद नळीत हवा आपोआप निर्माण होत नाही. टाकी रिकामी झाली, एखादा जोड सैल झाला किंवा रबर झिजले, म्हणूनच ती आत आली. कारण न शोधता नुसती हवा काढणारा चालक दुखणे बरे करीत नाही. पुढच्या घाटापर्यंत पुढे ढकलतो, आणि त्या घाटात तो एकटा नसतो.