मांडीवरचे पुस्तक
(शिशुवयातील बालकांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक आणले की घरातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, ‘त्याला वाचता कुठे येते?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणूनच हे पुस्तक दोघांचे असते. अक्षरे मोठ्यांनी वाचावयाची आणि चित्र मुलाने. ही वाटणी ध्यानात न ठेवल्यामुळेच पुस्तकांच्या दुकानात पुष्कळदा चुकीची निवड होते.

‘जोडाक्षरविरहित’ असे मुखपृष्ठावर छापलेली पुस्तके पाहा. पहिलीतल्या, स्वतः अक्षरे लावू लागलेल्या मुलाला त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु मांडीवर बसून ऐकणाऱ्या मुलास जोडाक्षराचे भय कसले? ‘म्हातारी’, ‘स्वयंपाक’, ‘गट्टम’, ‘फुस्स’ हे शब्द ते रोज ऐकते. त्याच्या कानाला त्यांची गोडीही वाटते. जोडाक्षरे टाळण्याच्या खटाटोपात वाक्ये मात्र लुळी पडतात, आणि मोठ्याने वाचताना ती लगेच उघडी पडतात.

भाषेची दुसरी कसोटी याहून महत्त्वाची आहे. घरात कोणीही ‘बाळ झोपले, दूध सांडले’ असे बोलत नाही. ‘बाळ झोपलं, दूध सांडलं’ असेच बोलले जाते. मोठ्याने वाचण्याच्या पुस्तकात बोलीच हवी, कारण हे मूल अजून पुस्तकी मराठी ओळखत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकमालेचे नावच ‘राधाचं घर’ असे आहे. त्या एका अनुस्वारात लहान मुलाच्या पुस्तकाची सारी भाषादृष्टी आली आहे. म्हणून दुकानातच एक पान मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जीभ अडखळली, शब्द बदलावेसे वाटले, तर ते पुस्तक परत ठेवावे. दुकानदार पाहत राहील, राहू द्यावे.

अक्षरओळखीची पुस्तके सर्वाधिक खपतात. एका पानावर अननस, दुसऱ्यावर आई, तिसऱ्यावर इमारत. चित्रे एकामागून एक येतात, पण त्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो. त्यांतून घडते ते एवढेच की मोठ्यांनी ‘हे काय?’ विचारावे आणि मुलाने नाव सांगावे. बोलणे पुढे सरकतच नाही. शिवाय तो अननस! पोर्तुगिजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आलेले हे फळ मराठी वर्णमालेच्या आरंभी जाऊन बसले आहे, आणि कित्येक मुलांना त्याची पहिली भेट कागदावरच होते.

चित्रांविषयी अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, ही समज जन्मजात नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे पानावरील वस्तू हाताने उचलू पाहत होती, चित्रावर नखे घाशीत होती. एकोणीस महिन्यांची मुले मात्र त्याच चित्रांकडे बोट दाखवू लागली होती. अमेरिकेतील बाळांप्रमाणेच आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमधील बाळांतही तो कागद चाचपण्याचा प्रकार दिसला. बाळ पुस्तक ओरबाडते, चोखते, उलटे धरते, त्यास खोडी समजून रागावण्याचे कारण नाही. चित्र म्हणजे काय, याचा शोध ते घेत असते. या वयासाठी जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेली, हातात मावणारी पुस्तके घ्यावीत.

पंधरा ते अठरा महिन्यांच्या मुलांना चित्रातून नवा शब्द शिकवला, तर छायाचित्र वा हुबेहूब रेखाटलेले चित्र व्यंगचित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे २००८ च्या एका अभ्यासात आढळले. चष्मा लावलेली, गुलाबी रंगाची, दोन पायांवर नाचणारी गाय गोठ्यातील गाय ओळखण्यास फारशी मदत करीत नाही. मूल तीन वर्षांचे झाले की अशा गमती खुशाल आणाव्यात. तोवर खरी गाय तिच्या माहितीची झालेली असते, म्हणून खोट्या गाईचे हसू येते. झडपा उघडणाऱ्या, पट्ट्या ओढावयाच्या पुस्तकांचेही असेच आहे. मूल त्यांवर झडप घालते, पण लक्ष झडपेकडे जाते आणि चित्रातील प्राण्याचे नाव मागे पडते. अपवाद आहेत. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या सुरवंटाच्या प्रसिद्ध पुस्तकात पानांना भोके आहेत. पण तेथे भोक हीच गोष्ट आहे. सुरवंटाने खाल्ले, म्हणून भोक पडले, आणि त्यात मुलाचे बोट नेमके जाते.

आता मूळ मुद्द्याकडे. उत्तम चित्र मोठ्यांना बोलके करते. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी येथील चित्रकथींची परंपरा अनेकांना ठाऊक असेल. ठाकर समाजातील कलावंत हाती रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरतात आणि कथा मुखाने सांगतात. शब्द सांगणाऱ्याचे असतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन या कलेचा गौरव झाला. घरातील आजीने पुस्तक असेच हाताळावे. छापलेली ओळ ही केवळ सुरुवात आहे. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी अमेरिकेत काही पालकांना एवढेच शिकवले होते की सलग वाचत सुटू नका. मुलाला विचारा, त्याच्या उत्तरात भर घाला, आणि पुन्हा त्याला बोलू द्या. महिनाभरानंतर ती मुले बोलण्यात इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली होती.

येथेच मातृभाषेचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी शाळेच्या धास्तीने अनेक मराठी घरांत दोन वर्षांच्या मुलाला ‘काऊ’ आणि ‘डॉग’ दाखवले जातात. चित्रातील गाईविषयी आजीला मराठीत किती सांगता येते! ती रवंथ करते, हंबरते, शेपटीने माशा वारते, वासराला चाटते, पान्हा सोडते. तीच आजी इंग्रजीत एक शब्द उच्चारून गप्प होते. हानी मुलाच्या मराठीचीच होते असे नव्हे, त्याच्या एकंदर बोलण्याचीच होते. पुस्तक इंग्रजी असल्यास बिघडत नाही. सुरवंटाची गोष्ट मराठीत सांगता येते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आजी-आजोबा काही महिन्यांसाठी जातात, तेव्हा त्यांच्या सामानात पापड-लोणच्याबरोबर चार चित्रपुस्तके अवश्य असावीत.

संस्कारांच्या तळमळीने काही घरांत याच वयात सचित्र रामायण-महाभारत हाती दिले जाते. हेतूविषयी वाद नाही, वयाविषयी आहे. वनवास का घडला, वचन म्हणजे काय, युद्ध कशासाठी, हे समजण्यास कार्यकारणाची जी जाण लागते ती दोन वर्षांच्या मुलास आलेली नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त रक्तबंबाळ रणांगणाचा भडक रंग. उलट, चंद्रासाठी हट्ट धरणारा बाळराम आणि आरशात उतरलेला चंद्र ही कथा त्याला पूर्ण कळते. हट्ट, रडे, आणि मोठ्यांनी काढलेली युक्ती, तिन्ही त्याच्या नित्य अनुभवातील आहेत. लोणी चोरणारा कान्हाही तसाच. शेवटी ठळक अक्षरांत छापलेले ‘तात्पर्य’ वाचू नये. मूल तोवर पान उलटून पुन्हा चंद्राकडे गेलेले असते.

ते पुन्हा त्याच पानाकडे जाते, तेच पुस्तक विसाव्यांदा आणते, याचा मोठ्यांना कंटाळा येतो. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातील २०११ च्या प्रयोगात आठवडाभर त्याच गोष्टी पुनःपुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुले नवनव्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक शब्द शिकली. तेव्हा पंचवीस पुस्तकांच्या ढिगापेक्षा पाच नीट पारखलेली पुस्तके बरी. मात्र विसाव्यांदा वाचतानाही मोठ्यांना रस वाटावा असे चित्रात काही हवे. कोपऱ्यात दडलेले मांजर, दाराआडून डोकावणारा मुलगा, प्रत्येक पानावर जागा बदलणारी मुंगी.

किमतीची अडचण खरी आहे. जाड पुठ्ठ्याची पुस्तके महाग पडतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके तुलनेने स्वस्त असतात. २००४ साली बेंगळुरू येथे स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य ठेवली आहेत. ती छापून घ्यावीत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवली तर मुलाचे बोट चित्राऐवजी पडदा सरकवण्यात गुंतते.

आणि घरीही पुस्तक करता येते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे एका मापाने कापावेत. त्यांवर आजी-आजोबा, घराचे दार, गावाकडची विहीर, शेजारचे कुत्रे, रोजची दूधपिशवी यांची छायाचित्रे खळीने चिकटवावीत, एका पानावर एकच. आठ पाने पुरेत. कडेला भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावे. तारेच्या पिना मात्र लावू नयेत, कारण हे पुस्तक तोंडात जाणारच आहे.