छोट्या पडद्यावरची नुरा कुस्ती

(कोल्हापूर येथे झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कोल्हापुरात कुस्ती कशी पाहावी, हे कुणाला शिकवावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे की, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा स्वच्छ दिसतो. पाठ मातीला लागली की नाही, याचा निवाडा पंचांच्या बरोबरीने प्रेक्षकही करीत असतो. आणि निकाल आधीच ठरवून दोन मल्ल नुसतेच अंग घासत असतील, तर मैदानातून आवाज उठतो, ‘नुरा आहे!’

दूरचित्रवाणीवरील बातम्या आणि करमणुकीच्या क्षेत्रातील पुरस्कार सोहळे हा आज माझा विषय आहे. वरवर पाहता हे दोन विषय वाटतात. माझ्या मते तो एकच आहे. दोन्हीकडे नुरा कुस्ती रंगते, आणि खासबागेत ती क्षणात ओळखणारा प्रेक्षक घरातल्या पडद्यासमोर बसला की मुकाट्याने टाळ्या वाजवू लागतो. असे का होते, याचा विचार आपण केला पाहिजे.

सन्मान आणि सोहळा

या नगरीला चित्रपटाचा सन्मान म्हणजे काय, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी शिष्यांच्या मदतीने याच गावात कॅमेरा घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या पदवीला प्रायोजक नव्हता. देणाऱ्याची योग्यता आणि घेणाऱ्याचे काम, एवढ्या दोनच गोष्टींवर तिची किंमत ठरली.

स्वतंत्र भारताने १९५४ साली चित्रपटांसाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू केले. पहिले पदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’सारख्या चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, यावरून स्पर्धा केवढी होती ते दिसते. कोकणातल्या एका गरीब घरातील माता आणि तिचे संस्कार हा त्या चित्रपटाचा विषय होता. त्यानंतर मराठी चित्रपटाला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान पुन्हा मिळायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे २००४ सालापर्यंत, थांबावे लागले. पन्नास वर्षे वाट पाहावी लागते, म्हणूनच अशा सन्मानाला अर्थ असतो.

आणि भालजी! गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. त्यांनी कर्जाचा डोंगर अंगावर घेऊन स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि पुढे १९६५ साली कोल्हापूरच्याच मातीतला ‘साधी माणसं’ दिला. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. त्या पुरस्काराने भालजी मोठे झाले नाहीत, भालजींना दिला गेल्याने पुरस्काराचे तेज वाढले.

आता आजच्या सोहळ्यांकडे पाहा. वाहिनी आपल्याच मालिकांना आपल्याच व्यासपीठावर पुरस्कार देते आणि तो कार्यक्रम आपल्याच पडद्यावर दाखविते. जावई, सून, सासू, खलनायिका, अशा पुरस्कारांच्या श्रेणी वाढत जातात, कारण कुणी रिकाम्या हाताने परतला तर पुढच्या वर्षी तो नाचायला येणार नाही! हिंदी चित्रसृष्टीची गोष्ट तर तिथल्याच एका नामवंताने सांगून टाकली. ऋषी कपूर यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ‘बॉबी’साठी मिळालेला पुरस्कार आपण तीस हजार रुपये मोजून विकत घेतला होता, हे लिहून ठेवले आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी, पण ज्या प्रेक्षकाने त्या रात्री मनापासून टाळ्या वाजविल्या, त्याचे काय?

चव्वेचाळीस हजार घरे

हे सारे कशासाठी चालते? उत्तर एका आकड्यात आहे, तो आकडा म्हणजे टीआरपी. २०२० साली देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे सुमारे २० कोटी होती. त्यांपैकी प्रेक्षकसंख्या मोजणारे यंत्र बसविलेले होते सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे एका घराच्या आवडीवरून साडेचार हजार घरांची आवड ठरविली जात होती. त्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि जाहिरातीवर वाहिनी चालते. आपण समजतो की आपण ग्राहक आहोत. प्रत्यक्षात जाहिरातदाराला विकला जाणारा माल आपणच असतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या यंत्रांच्या घरांना पैसे देऊन आकडे फुगविल्याचा आरोप केला. तो खटला पुढे मागे घेतला गेला, त्यामुळे दोषी कोण, या वादात मी शिरत नाही. पण मोजणी करणाऱ्या ‘बार्क’ संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबविले आणि ते मार्च २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाले, ही वस्तुस्थिती आहे. ज्या तराजूवर सारा बाजार उभा, तो तराजूच जवळजवळ दीड वर्ष बाजूला ठेवावा लागला!

बातमीचे मोल

पुरस्कारातल्या नुरा कुस्तीने फार तर करमणुकीची गोडी जाते. बातमीतल्या नुरा कुस्तीची किंमत मात्र माणसे मोजतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर आहेत, हे वाहिन्या थेट दाखवीत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या निकालपत्रात या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले.

एका अभिनेत्याचा जून २०२० मध्ये मृत्यू झाला, तेव्हा कित्येक महिने स्टुडिओंतूनच तपास, खटला आणि निकाल असे सारे उरकले गेले. देश महामारीशी झुंजत होता, तरीही! अखेर १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, असे माध्यमी खटले न्यायदानात ढवळाढवळ करतात.

आणि आपला महापूर? ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांवर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली. त्याच आठवड्यात ३७० व्या कलमाचा ऐतिहासिक निर्णय झाला, सुषमा स्वराज यांचे निधन झाले. त्या बातम्यांना अग्रक्रम मिळाला, यात गैर काहीच नाही. परंतु चर्चेच्या नावाखाली तीच तीच माणसे रात्रभर एकमेकांवर ओरडत होती, त्यातला अर्धा तास शिरोळला द्यायला काय हरकत होती? ओरडायला चार खुर्च्या आणि एक निवेदक पुरतो. पुरात होडी घेऊन जायला बातमीदार लागतो, आणि बातमीदाराला पगार द्यावा लागतो. खरी मेख इथे आहे.

आपण काय करायचे?

एक गोष्ट परखडपणे सांगितली पाहिजे. आपल्या विचारांचा निवेदक ओरडला की आपण म्हणतो, ‘कसे सुनावले!’ आणि विरुद्ध विचारांचा ओरडला की म्हणतो, ‘पत्रकारिता बुडाली!’ खासबागेतला प्रेक्षक असे करीत नाही. आपल्या तालमीचा मल्ल नुरा खेळला, तर त्याला अधिक लाज वाटते. सत्याची कसोटी आपल्या माणसाला लावता येत नसेल, तर ती इतरांना लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरे, तक्रार करायला शिका. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून त्रिस्तरीय व्यवस्था आणली आहे. आक्षेपार्ह कार्यक्रमाविषयी प्रेक्षकाने वाहिनीकडे लेखी तक्रार केली, तर तिचा पंधरा दिवसांत निपटारा करणे वाहिनीवर बंधनकारक आहे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे आणि त्यापुढे सरकारच्या यंत्रणेकडे जाता येते. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमका आक्षेप, एवढे चार ओळींत लिहिता येते. दिवाणखान्यात चडफडत बसण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरातली आहे. मूल पडद्याकडे पाहते त्याहून अधिक आपल्याकडे पाहते. आपण कशाला टाळी देतो, यावरून सन्मान कशाला म्हणायचा, हे ते ठरविते. त्याला एकदा ‘श्यामची आई’ दाखवा, ‘साधी माणसं’ दाखवा, आणि जळालेला स्टुडिओ पुन्हा उभा करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगा. मग एखाद्या रात्री सोहळा किंवा चर्चा रंगात आली असताना तेच मूल म्हणेल, ‘बाबा, ही नुरा आहे.’ त्या क्षणी त्याचे ऐका आणि संच बंद करा.