बिनकामाचा एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्यावे. आपल्या मंडळात पाककृतींवर, मुलांच्या संगोपनावर, काटकसरीवर नेहमी छान बोलले जाते. मी आज पायी फिरण्याविषयी बोलणार आहे. तेही काही काम नसताना!

आपण बायका फिरत नाही असे कोण म्हणेल? भाजी, दळण, बँक, शाळा, दवाखाना. दिवसाकाठी कोस-दीड कोस सहज होतो. पण हातात पिशवी असते आणि मनात घड्याळ. खांदा कॉलनीत येऊन मला बावीस वर्षे झाली. पनवेलच्या बाजारात शेकडो वेळा गेले असेन. भाव विचारताना मान खाली आणि रिक्षा गाठताना नजर पुढे! मान वर करून जुन्या घराची माडी पाहायला सवड कुठली?

म्हणून यंदा थंडीत शेजारच्या वहिनी आणि मी ठरवले की, एक दिवस नुसते पनवेल पाहायचे. सासूबाईंनी विचारले, "काय आणायचंय?" म्हटले, "काही नाही." "मग जायचं कशाला?" त्या वेळी मला नीट सांगता आले नाही.

डबे करून, घरची मंडळी कामाला लागल्यावर नऊ वाजता निघालो. आधी खांदेश्वराचे दर्शन घेतले आणि तळ्याच्या काठी घटकाभर बसलो. खांदा हे मुळातले गाव. सिडको स्थापन झाली १९७० साली. आपले सेक्टर त्यानंतरचे. आपण 'कॉलनी' म्हणतो, पण नावातला खांदा त्या गावाचा आहे, हे तिथे बसल्यावर ध्यानात आले.

तिथून हमरस्ता ओलांडून, एस. टी. स्टँडवरून जुन्या पनवेलात शिरलो. लाइन आळी, मिरची गल्ली, टपाल नाका ही नावे तोंडपाठ होती. त्या दिवशी गल्ल्या पाहिल्या. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. महानगरपालिका झाली ती २०१६ साली. पूर्वी मुंबईचे लोक होडीने पनवेल बंदरात उतरत आणि इथून बोरघाट चढून पुण्याला जात. घाटात गाडीरस्ता झाला १८३० साली. इथे बैलगाड्यांची चाके बनत. मग १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, ती कल्याण-कर्जतकडून, आणि पनवेल बाजूला पडले. मुंबईची लोकल आपल्यापर्यंत आली ती १९९८ साली. आता तर विमानतळही झाला. म्हणजे पनवेलवरून पुढे जाणारे पुष्कळ. पण इथे राहणाऱ्यांनी तरी थोडे थांबून पाहावे की नको?

बाजारपेठेच्या रस्त्यावर बेथ एल हे बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर आहे, १८४९ सालचे. वहिनी दर दिवाळीला याच रस्त्याने कंदील घ्यायला येतात. त्या दिवशी आम्ही बाहेर उभ्या राहून ते नीट पाहिले. हे यहुदी लोक शेकडो वर्षे कोकणात राहिले, आपल्यासारखेच मराठी बोलले. घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १९४८ साली इस्रायल देश झाल्यानंतर पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. पनवेलात एका तळ्याचे नावच इस्रायल तलाव आहे.

तळी तरी किती! वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे. घरोघर नळ येण्याआधी गावाची भिस्त तळ्या-विहिरींवरच असायची. दुपारी मिसळ आणि ताक घेऊन आम्ही वडाळे तळ्याकडे गेलो. बल्लाळेश्वराला नमस्कार केला आणि तळ्याकाठी चांगल्या दोन तास बसलो. वहिनी आणि मी पंधरा वर्षांच्या शेजारणी. पण त्यांना लहानपणी पोहता येत होते आणि त्यांनी गावच्या विहिरीत पैज जिंकली होती, हे मला त्या दिवशी कळले! जिन्यात उभ्याउभ्या बोलताना असले बोलणे निघत नाही. त्याला निवांतपणा लागतो.

पाच वाजता रिक्षाने घरी आलो. दोघींचा मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत. रात्री सासूबाईंना तळ्यांची नावे सांगितली, तर त्यांनी आपल्या माहेरच्या तळ्याची गोष्ट काढली आणि जेवण होईपर्यंत सांगत राहिल्या. जायचे कशाला, याचे उत्तर मला तिथे मिळाले. पिशवी भरून आणली नव्हती, पण घरात बोलायला काहीतरी आणले होते.

भगिनींनो, पुरुषमाणूस नाक्यावर उभा राहिला तर त्याला कोणी विचारीत नाही. बाई पाच मिनिटे उभी राहिली की विचारतात, "कोणाची वाट पाहताय?" "सहज उभी आहे" असे सांगायला आपली जीभ अडखळते. ती सवय आपणच लावून घेतली पाहिजे. गाव आपलेही आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलते. बाहेर जायचे म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे. स्वच्छतागृह कुठे सापडेल याची खात्री नसते. ही लाजेची नव्हे, आरोग्याची बाब आहे. लघवी अडवून आणि तहान मारून दुखणी होतात. आम्ही दोघींनी त्या दिवशी वाटेतली स्वच्छतागृहे आणि सावलीत बसायच्या जागा वहीत टिपून ठेवल्या.

माझी सूचना एवढीच आहे. मंडळाने महिन्यातून एक दिवस असा ठेवावा. पाच-सहा जणींनी निघावे, पायांत जुन्या मऊ चपला, बरोबर पाण्याची बाटली आणि ही वही. दर वेळी निराळा भाग पाहावा आणि वहीत भर घालावी. जिथे बसायला बाक नाही, स्वच्छतागृह नाही, तिथले वर्षअखेर मंडळाच्या नावाने अर्ज करून मागावे. वही मी आज बरोबर आणली आहे. पहिली फेरी येत्या बुधवारी, सकाळी नऊ वाजता, खांदेश्वराच्या देवळापासून. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे.